लेम्युएलचा खिसा

लाँड्री होती तिथे आता चौक आहे.
चौकात तो उभा, ब्राँझचा,
दोन्ही तळवे उघडे,
पाऊस पडतोय का ते बघणाऱ्या माणसासारखा.

अकरा वर्षं मी त्याची पत्रकं टाईप केली.
लेम्युएल प्रेटरचे हात असे कधीच मोकळे नसायचे.
एकात सिगारेट, दुसरा खिशात.
मानेवर वाफेने भाजल्याचा डाग, कानापर्यंत चढलेला.
तो शिल्पकाराने गुळगुळीत केलाय.
शाळेची मुलं घाबरतील, असं समितीचं म्हणणं.

चौथऱ्यावर त्याचं वाक्य कोरलंय:
'माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही.'
पूर्णविराम.
मी टाईप केलं तेव्हा तिथे स्वल्पविराम होता.
त्याच्यापुढे इस्त्रीवाल्या बायकांची थकलेली मजुरी होती,
तासाला किती सेंट, किती आठवडे,
मालकाचं नाव, शेरीफचं नाव,
आणि 'उद्या सकाळी सहाला आम्ही पुन्हा दारात असू.'
ग्रॅनाइट मालकाच्या नातवानेच दिलाय.
चांगला दगड आहे. तडा जायचा नाही.

गव्हर्नर वीस मिनिटं बोलले.
'लेम्युएल आज असते तर',
सात वेळा आलं, मी बोटांवर मोजलं.
आज असता तर तो संपाच्या विरोधात असता म्हणे.
आज असता तर मतदार यादीतली नावं गाळायला
त्याने स्वतः पेन्सिलीला टोक करून दिलं असतं.
जिवंतपणी त्याला कुणी माईक दिला नाही,
मेल्यावर बिचाऱ्याला उसंत नाही,
कुणाकुणाच्या तोंडून बोलावं लागतं.

समोरच्या दुकानात त्याच्या जयंतीनिमित्त
गाद्यांवर तीस टक्के सूट.
तो तर बसूनच झोपायचा,
खिडकीपासून लांब, रायफल मांडीवर.
ब्राँझमध्ये रायफल नाही.

आणि पुलावरची ती गर्दी!
आम्ही एकशे चौदा होतो, यादी मीच केली होती.
आता जो भेटतो तो म्हणतो, मीही होतो.
एवढी माणसं खरंच आली असती
तर पूल आमच्यासकट नदीत गेला असता,
शेरीफला कष्टच पडले नसते.
आमच्याच डिकन मॅबरीने चर्चला आतून कडी घातली होती.
त्याच्या मुलाने आता लेम्युएलच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवलीय.
खोटं कशाला बोलू, त्याच रात्री डिकन
मागच्या दाराने सूपचं भांडं घेऊन आला होता.
हात थरथरत होते. अर्धं सांडलं.

खोडरबर माझ्याकडेही होता.
शिव्या मी गाळल्या.
पुलाआधी तो गटारावर वाकून ओकला,
ते कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.
संपाची हाक पहिली दिली ऑर्लीन पगने,
इस्त्रीच्या टेबलावर चढून, चपला हातात घेऊन.
माझ्या टाईपरायटरला ते ऐकू आलं नाही.
पत्रकाखाली एकच नाव शोभतं, असं मला वाटायचं.
ऑर्लीनला चौक नाही.
थडग्यावर तिचं जन्मसालही चुकलंय.

काल पणतू आला, टेव्हियन.
शाळेच्या नाटकात तो लेम्युएल झालाय.
दोन वाक्यं आहेत, दोन्ही द्वेष नसल्याची.
कोट बापाचा, बाह्या दुमडलेल्या.
'पणजी, त्याच्या खिशात काय असायचं?'

जामिनासाठी कुणाला फोन करायचा, त्या नंबरांचा कागद.
काडेपेटी.
आणि एक उकडलेलं अंडं,
कारण कोठडीत जेवण कधी मिळेल त्याचा नेम नसायचा.

त्याने वहीत लिहून घेतलं.
मग विचारलं, सोललेलं की तसंच?
तसंच, म्हटलं.
आणि मीठ वेगळ्या पुडीत.